माझे मत : खरा खेळाडू कोण?



आता आपल्या केंद्राच्या क्रीडास्पर्धा जवळ आल्या आहेत. मैदानावर रोज कबड्डी, खो-खो आणि लंगडीचा सराव चालतो. कधी कधी सराव थोडा आणि भांडण फार, असं होतं. म्हणून मी हा विषय निवडला.

ऑलिम्पिक ही जगातली फार मोठी क्रीडास्पर्धा आहे. १९८८ साली ती दक्षिण कोरिया देशात सेऊल येथे झाली. तिथली हकिकत गुरुजींनी आम्हांला परिपाठाला सांगितली. २४ सप्टेंबर या एकाच दिवशी, कॅनडा या एकाच देशाचे दोन खेळाडू अगदी उलट वागले.

पहिला बेन जॉन्सन. तो १०० मीटर फक्त ९.७९ सेकंदांत धावला. आपण सावकाश दहा आकडे मोजेपर्यंत हा पोचला सुद्धा! तो त्या वेळचा विश्वविक्रम होता. पण मग त्याच्या लघवीची तपासणी झाली. तिच्यात ताकद वाढवणारे, बंदी असलेले औषध सापडले. तीन दिवसांतच त्याचे सुवर्णपदक काढून घेतले आणि अमेरिकेच्या कार्ल लुईसला दिले. विक्रमही रद्द झाला.

दुसरा लॉरेन्स लेम्यू. तो शिडाच्या होडीच्या शर्यतीत होता. ही शर्यत पुसान गावाजवळच्या समुद्रात होती. वारा जोराचा होता, लाटा उंच होत्या. लेम्यू दुसऱ्या नंबरावर होता. तेवढ्यात त्याला दिसले, की सिंगापूरच्या दोघांची होडी उलटली आहे आणि ते पाण्यात पडले आहेत. ते त्याच्या शर्यतीतले नव्हते, त्याच्या देशाचेही नव्हते. तरी त्याने आपली होडी वळवली, दोघांना वाचवले आणि मदतीची बोट येईपर्यंत तो थांबला. मग पुन्हा शर्यतीत गेला. तोपर्यंत पुष्कळ होड्या पुढे निघून गेल्या होत्या. पंचांनी त्या शर्यतीत त्याला दुसरा नंबर दिला, पण सगळ्या शर्यती मिळून तो अकरावा आला. विजेत्यांचे पदक त्याला मिळाले नाही. ऑलिम्पिक समितीने मात्र त्याचा खास गौरव केला.

आमच्या वर्गातला एक मुलगा म्हणाला, "त्याने कशाला शर्यत सोडायची? दुसरं कुणी गेलं असतं की!" मला हे पटत नाही. प्रत्येक जण असंच म्हणाला तर बुडणाऱ्याकडे कोण जाणार? ज्याला दिसलं त्यानेच जायचं.

आता बघा. जॉन्सनकडे सोने राहिले नाही आणि लेम्यूलाही सोने मिळाले नाही. मग दोघे सारखेच का? मुळीच नाही. जॉन्सनला मिळालेले परत घेता आले. लेम्यूने जे केले ते कोण परत घेणार? ती दोन माणसे आपापल्या घरी गेली. माझ्या मते तोच खरा खेळाडू.

आपल्याकडे कुणी औषध घेत नाही. पण कबड्डीत दम तुटला तरी पुटपुटत राहायचं, लंगडीत पाय टेकला तरी "नाही टेकला" म्हणायचं, ही त्याचीच लहान भावंडं आहेत. पंचांना दिसलं नाही, पण आपल्याला तर ठाऊक असतं ना? असा मिळालेला गुण घरी न्यायलाही जड वाटला पाहिजे.

माझी एक सूचना आहे. पहिल्या तिघांना बक्षीस मिळतं, ते मिळू दे. पण एक बक्षीस अशा मुलालाही द्यावं, जो बाद झाल्यावर स्वतःहून बाहेर गेला किंवा पडलेल्याला उठवायला थांबला. वही-पेन्सिल दिली तरी चालेल.

आणि पालकांना एक विनंती. आम्ही स्पर्धेहून घरी आलो की तुम्ही विचारता, "कितवा नंबर आला?" नंबर जरूर विचारा. पण त्याच्या आधी एकदा विचारा, "कसा खेळलास?" मग आम्हीही नीट खेळू.

— इयत्ता ४ थी