'त्यांच्या घरचा प्रश्न'

परप्रांती नोकरीनिमित्त राहणाऱ्या आम्हां मराठी मंडळींना 'हा त्यांच्या घरचा प्रश्न' हे वाक्य फार सोयीचे झाले आहे. एखाद्या सहकाऱ्याच्या पत्नीस स्किझोफ्रेनियासारखा मनोविकार जडला, की आम्ही आवाज खाली आणतो, आपल्या मुलांना त्या घरी खेळावयास धाडीत नाही, आणि यालाच सभ्यता समजतो. त्या घरातले नऊ-दहा वर्षांचे मूल मात्र आईच्या गोळ्यांची वेळ सांभाळते, धाकट्याचा डबा भरते आणि शाळेत 'आईला बरे नाही' एवढेच सांगते. वडिलांना धास्ती गोपनीय अहवालाची! गावी आजी असती, काकू असती. बदलीच्या गावी शेजारच्या दाराखेरीज त्या मुलास कोण आहे?

चेन्नईत उपचारांची सोय नाही, असे म्हणता येणार नाही. डॉ. शारदा मेनन यांनी १९८४ साली येथे 'स्कार्फ' ही संस्था स्थापिली; 'द बनियन' १९९३ पासून निराधार मनोरुग्ण स्त्रियांसाठी झटत आहे. परंतु रोग्याचे मूल संध्याकाळी कोठे जेवते, हेही डॉक्टरांनीच पाहावे काय? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, उपचारार्थ संस्थेत राहणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालील मूल सहसा दूर करू नये, असे म्हटले. चौथे वर्ष लागलेल्या मुलाचे काय?

अड्यार पुलाकडे जाताना आंध्र महिला सभा लागते. दुर्गाबाईंनी १९३७ साली ती स्थापिली. (पुढे त्या चिंतामणराव देशमुखांच्या पत्नी झाल्या म्हणून आम्ही त्यांना हक्काने 'आपल्या' म्हणतो, त्यांचे काम तेवढे आपले म्हणत नाही.) तमिळ नगरीत राहून तेलुगू भगिनींनी शाळा काढल्या, रुग्णालय चालविले. आमच्या मंडळांनी गणेशोत्सव आणि नाटके केली. ती अवश्य व्हावीत. पण वर्गणी गोळा करावयास ज्या दारी आम्ही निःसंकोच जातो, त्याच दारी आजारपणात जाण्यास संकोच कसला?

अशा मुलास अनाथाश्रम नको; त्याचे आईबाप आहेत, आणि त्याला ते हवे आहेत. प्रत्येक मंडळाने दोन-तीन घरे अशी ठेवावीत, की जेथे ते चौकशीविना जेवावयास व अभ्यासास येऊ शकेल. एका वडीलधाऱ्या व्यक्तीने शाळेशी संबंध ठेवावा. आईचा आजार आपल्या खोड्यांमुळे झालेला नाही, हे त्याला कोणीतरी त्याच्या भाषेत सांगावे. हे न सांगितल्यामुळे मुले मनात काय काय घेऊन बसतात! आणि बदलीचा हुकूम निघाला, की घरच्यांच्या संमतीने पुढल्या गावच्या मंडळास पत्र गेले पाहिजे, सामानाच्या आधी.