मुलींना डर्बी दाखवायला न्या

आपल्या मंडळात मुलींसाठी भरतनाट्यम आहे, लेझीम आहे, गणपतीत ढोलपथक आहे. अंगाला अंग भिडेल असा खेळ मात्र एकही नाही. पोर्टलंडमध्ये राहून ही उणीव आपण चालवून घेतो, हे मला पटत नाही. इथल्या ओक्स पार्कात ‘रोझ सिटी रोलर्स’च्या बायका चाकांच्या स्केटवरची रोलर डर्बी खेळतात. २०१८ आणि २०१९ अशी लागोपाठ दोन वर्षं अजिंक्यपद मिळवलेला हा संघ आपल्या गावचा आहे, आणि प्रेक्षकांत आपली माणसं शोधावी लागतात.

‘धसमुसळा खेळ, मुलींना कशाला?’ असं काही पालक म्हणतात. त्यांनी एकदा नियम बघावेत. धक्का द्यायचा तो खांद्याने, कमरेने. पाठीवर, डोक्यावर किंवा कोपराने नाही. चुकलं की तीस सेकंद बाहेर बसायचं, सात चुका झाल्या की त्या खेळाडूचा सामना संपला. नजर ठेवायला सातपर्यंत पंच, तेही स्केटवर.

शाळेत कबड्डी खेळलेल्या बाईला हा खेळ लगेच कळतो. हेल्मेटवर चांदणी असलेली ‘जॅमर’ म्हणजे चढाईवाली. समोर चौघी ‘ब्लॉकर’ची भिंत. पण हात गुंफून साखळी केली तर दंड. पहिल्यांदा भिंत फोडून पुढे निघायचं, मग पुढच्या फेऱ्यांत प्रतिस्पर्धी जितक्या ओलांडाल तितके गुण. डाव फार तर दोन मिनिटांचा. आघाडीची जॅमर कमरेवर हात आपटून तो आधीच थांबवू शकते, आणि कधी थांबवायचा यातच तिची अक्कल दिसते.

एका सामन्याला मी वळणापाशी बसले होते. एक चांगली जाडजूड ब्लॉकर गुडघे वाकवून, मान मागे वळवून उभी होती आणि नुसत्या कमरेने जॅमरला अडवत होती. जॅमर आपटली, पण मुठी मिटून, बोटं चाकांखाली जाऊ नयेत म्हणून, आणि लगेच उठली. नव्या मुलीला इथे आधी पडायला शिकवतात. आपण घरी आयुष्यभर ‘सांभाळ, पडशील’ म्हणतो. वजनावरून टोमणे खाल्लेल्या पोरीने तर ही ब्लॉकर बघायलाच हवी.

हा खेळ १९३५ मध्ये शिकागोत लिओ सेल्टझर या आयोजकाने धंदा म्हणून सुरू केला. आजची डर्बी मात्र २००० नंतर टेक्ससच्या ऑस्टिनमध्ये बायकांनी स्वतः उभी केली. नियम त्याच ठरवतात, वर्गणी भरतात, सामन्याची व्यवस्था बघतात, आणि दुसऱ्या दिवशी कामावर जातात. पदरमोड करून मंडळ चालवणाऱ्यांना यातले कष्ट सांगायला नकोत.

‘रोझ सिटी’च्या बालगटात सातव्या वर्षापासून मुलींना घेतात. कार्यकारिणीने यंदाच्या एका सहलीऐवजी सामन्याची तिकिटं एकत्र काढावीत. मुलींबरोबर आज्यांनाही न्या. कबड्डी खेळलेल्या आज्या आपल्याकडे आहेत; भिंत कुठे फुटणार हे त्या नातींच्या आधी ओळखतील.