हक्क कोणी कोणाला दिले?

मंडळी, हक्कांचा विषय निघाला की आमच्या घरात दोन पक्ष पडतात. मामांचं म्हणणं, हे सगळं पाश्चात्त्यांचं खूळ, आपल्या मातीतलं नाही. धाकट्या भावाचं म्हणणं, लॉक-रूसोंनी लिहिलं, लोकांनी वाचलं आणि क्रांती झाली. जगावर युरोपचे उपकारच! मामा, रागावू नका, पण मला दोघांचंही पटत नाही. दोघंही एकच गोष्ट धरून चालतात, की हक्क म्हणजे पुस्तक लिहिणाऱ्याची मालमत्ता.

जॉन लॉकचंच बघा. माणूस जन्मतः स्वतंत्र, सरकार लोकांच्या संमतीनं, आणि ते उलटलं तर लोकांनी ते उलथावं, असं त्यानं १६८९ साली मांडलं. याच लॉकचे पैसे एके काळी गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत गुंतले होते. १७७६ साली सगळी माणसं समान आहेत असं लिहिणाऱ्या जेफरसनकडे आयुष्यभरात ६०० च्या वर गुलाम होते. फ्रान्सनं १७८९ मध्ये हक्कांचा जाहीरनामा काढला. यात बायका कुठे आहेत, असं ऑलिम्प द गूजनं १७९१ मध्ये स्वतःचा जाहीरनामा लिहून विचारलं. दोन वर्षांनी राजकीय लिखाणापायी तिला गिलोटिनवर चढवलं. फ्रेंच बायकांना मताचा हक्क मिळाला तो थेट १९४४ साली!

आता हैती. तेव्हाचं नाव साँ-दोमँग, साखर आणि कॉफीवर गब्बर झालेली फ्रेंच वसाहत. जवळपास ५ लाख गुलाम. ऑगस्ट १७९१ मध्ये ते उठले. त्यातल्या बहुतेकांना अक्षरओळखही नव्हती. चाबूक वाईट असतो हे कळायला रूसो वाचावा लागत नाही हो! पण म्हणून विचार फुकट गेला असंही नाही. मालकाचंच बोलणं मालकाच्या तोंडावर फेकता येतं, हे तुसँ लुव्हेर्त्यूरसारख्यांनी ओळखलं. बंडाच्या रेट्यामुळे पॅरिसला १७९४ मध्ये गुलामी रद्द करावी लागली. नेपोलियननं १८०२ मध्ये ती परत आणायला घेतली, तेव्हा लोक पुन्हा लढले आणि १ जानेवारी १८०४ ला हैती स्वतंत्र झाला. १८२५ मध्ये फ्रान्सनं लढाऊ जहाजं पाठवून त्याच हैतीकडे १५ कोटी फ्रँक भरपाई मागितली, मळेवाल्यांची मालमत्ता बुडाली म्हणून. मालमत्तेच्या हिशेबात माणसंही धरलेली!

तर युरोपनं हक्क वाटले असं कोणी म्हटलं की मला हे बिल आठवतं.

आणि मामा, मातीचं म्हणाल तर जोतिराव फुल्यांनी १८४७ मध्ये थॉमस पेन वाचला आणि पुढच्याच वर्षी पुण्यात मुलींची शाळा काढली. पुस्तक विलायती म्हणून बाजूला ठेवलं नाही आणि लेखकाची आरतीही ओवाळत बसले नाहीत. १८७३ चं 'गुलामगिरी' त्यांनी अर्पण केलं ते गुलामी संपवणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. जाहीरनामे लिहिणाऱ्यांना नव्हे.

म्हणून विचार कुठल्या गावचा हे विचारत बसू नये. यादीतून कोणाला वगळलंय ते विचारावं. आपल्या घरापासून सुरुवात केली तरी चालेल.

असो. मामा, यावर फोन नको, लेखी उत्तर हवं!