ताप अंगावर काढू नका

केमोथेरपी सुरू झालेल्या बाईला भेटायला जाणारी प्रत्येकजण एखादा उपाय सांगूनच येते. कुणी पपईच्या पानांचा रस, कुणी गव्हांकुर, तर कुणी महागडी पावडर. वर पुन्हा, ‘उंदरांवर प्रयोग झालेत हो, पांढऱ्या पेशी भराभर वाढतात!’ रुग्णांच्या घरी माझं जाणं-येणं असतं, त्यामुळे हे सारखं कानावर पडतं.

उंदरांचे उपकार मोठेच आहेत. १९४९ मध्ये शिकागोच्या लिऑन जेकबसन यांनी उंदरांना घातक किरण देताना फक्त त्यांची पाणथरी, म्हणजे प्लीहा, शिशानं झाकली आणि बरेचसे उंदीर वाचले. १९६१ मध्ये टोरांटोच्या टिल आणि मॅक्युलॉक यांनी किरण दिलेल्या उंदरांना अस्थिमज्जा टोचली. दहाएक दिवसांत पाणथरीवर नव्या रक्तपेशींच्या गाठी उगवल्या. अशा संशोधनातूनच पुढे पांढऱ्या पेशी वाढवणारं इंजेक्शन आलं. त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली १९९१ मध्ये! उंदरापासून माणसापर्यंतची वाट इतकी लांब असते. मधल्या चाचण्या वगळून थेट आपल्या स्वयंपाकघरात आलेल्या पावडरीवर भरवसा कसा ठेवायचा?

मैत्रिणींनो, यातलं शास्त्र सोपं आहे. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, प्लेटलेट आठ-दहा दिवस, पण जंतूंशी लढणाऱ्या बऱ्याचशा पांढऱ्या पेशी रक्तात जेमतेम दिवसभर टिकतात. औषधानं मज्जेचं काम मंदावलं की आधी त्याच घटतात. बहुतेक औषधांत सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास त्या अगदी कमी होतात आणि मग हळूहळू भरून येतात. त्या दिवसांत आलेला ताप साधा समजायचा नाही.

आणि नेमकं इथंच आपण बायका चुकतो. ‘घरात पाहुणे आहेत, सकाळी बघू,’ म्हणून ताप अंगावर काढतो. रस पितोय ना, मग रक्ततपासणीचे पैसे कशाला घालवायचे, असाही हिशेब होतो. ही काटकसर जिवावर बेतू शकते.

म्हणून घरात थर्मामीटर हवा. ताप १००.४ च्या वर गेला तर रात्र असो की सण, लगेच डॉक्टरांना गाठा. कुठलाही रस, काढा त्यांना विचारल्याशिवाय घेऊ नका. हे नवऱ्याला आणि मुलांनाही सांगून ठेवा. तिच्या तापाची काळजी तिनं एकटीनंच का करायची?