ट्रक म्हणजे व्यसनमुक्ती केंद्र नव्हे

आपल्या मोहल्ल्यांत एक सल्ला फार स्वस्तात मिळतो. पोरगं शाळेतून उठलं, नाक्यावर बसायला लागलं, डोळे जड दिसायला लागले, घरातले पैसे कमी व्हायला लागले, की कुणीतरी मामू किंवा खालू म्हणतात, "गाडीवर घाला त्याला. चार महिने क्लीनर म्हणून फिरला की ताळ्यावर येईल." अम्मी रडते, अब्बा मान डोलावतात आणि पोरगं पुढच्या ट्रिपला निघतं.

हा सल्ला मला सरळसरळ धोकादायक वाटतो. पोरासाठी, रस्त्यावरच्या इतरांसाठी आणि ड्रायव्हरच्या पेशासाठीही.

"तू लॅपटॉपवर बसणारा इंजिनियर, तुला गाडीतलं काय कळतं?" असं कुणी म्हणेल. माझ्या नात्यात ड्रायव्हर आहेत. आणि माझं रोजचं काम मालवाहू गाड्यांवर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचंच आहे. त्यामुळे गाडी किती तास पळते, हे मला रोज दिसतं.

आधी पोरगं काय घेतंय ते पाहू. मालेगावात ज्याला 'कुत्ता गोळी' म्हणतात ती अल्प्राझोलाम. संभाजीनगरात 'बटन' म्हणून विकली जाते ती नायट्राझेपाम. दोन्ही औषधं डॉक्टर चिंता किंवा निद्रानाशावर देतात आणि चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे. गोळीला वास नाही, बाटली लपवायची भानगड नाही. म्हणून घरात कळायला उशीर होतो. आणि "ही काय दारू थोडीच आहे?" असं म्हणून पोरं स्वतःच्या मनाचीही समजूत घालतात.

आता गाडीवर घालणाऱ्यांनी एक गोष्ट नीट ऐकावी. रोज गोळ्या खाणाऱ्याच्या गोळ्या एकदम बंद केल्या, तर झोप उडते, हात थरथरतात, घाम फुटतो आणि काहींना चक्क फिट येते. जीवही जाऊ शकतो. म्हणून डॉक्टर डोस हळूहळू उतरवत नेतात. खालूंनी खिशातली पाकिटं काढून फेकली आणि पोराला केबिनमध्ये बसवलं, तर दोन-तीन दिवसांनी तो कुठे असेल? कसारा घाटात? धुळ्याच्या पुढे एखाद्या ओसाड ढाब्यावर? सोबत डॉक्टर नाही, आणि त्याला काय होतंय हे उस्तादला माहीत नाही. रात्री रस्ता मोकळा असला की उस्ताद अनेकदा क्लीनरच्या हातात स्टिअरिंग देतो आणि मागे आडवा होतो. त्या वेळी स्टिअरिंगवर हाच पोरगा असला तर?

दुसरा गैरसमज असा, की मोहल्ल्यापासून तोडलं की नशेपासून तुटतो. मंदसौर, नीमच, चित्तोडगड हा अफूच्या परवानाधारक शेतीचा पट्टा. त्या बाजूच्या महामार्गांवर डोडा, म्हणजे अफूच्या बोंडाची भुकटी, ड्रायव्हरांना नवी नाही. अंगदुखी जाणवत नाही, भूक मरते, आणखी दोनशे किलोमीटर निघतात. शिवाय दारू आहे, गुटखा आहे. नशेतून सुटण्यासाठी पोराला आपण अशा ठिकाणी पाठवतो, जिथे नशा हे कामाचं हत्यार झालं आहे.

आणि ते ड्रायव्हरांच्या वाईट चालीमुळे झालेलं नाही. १९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास ठरवून दिले. लांब पल्ल्यासाठी सवलत दिली तीही दिवसाला १० तासांपर्यंत. पण हा कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्यासाठी होता. एका-दोन गाड्यांचा मालक त्याच्या बाहेरच राहिला, आणि आपल्या भागातले बरेच मालक तसेच आहेत. मोठ्यांकडेही कायदा कागदावरच राहतो. आमच्या सिस्टीममध्ये गाडी ठरल्यापेक्षा जास्त वेळ थांबली की लगेच अलर्ट जातो. चौदा तास थांबलीच नाही, तर काही वाजत नाही. तसा अलर्ट बनवणं माझ्यासाठी एका दुपारचं काम आहे. मी तो सुचवला. ग्राहकाने मागितलेला नाही, असं उत्तर मिळालं. माल वेळेत पोचला की भत्त्यावर बक्षीस, उशीर झाला की कापणी. असा हिशेब असला की झोप कुठून तरी विकत घ्यावी लागते, आणि ती डोड्यातून किंवा गोळीतून घेतली जाते.

तिसरी गोष्ट पेशाची. भरलेला ट्रेलर चाळीस टनांच्या वर जातो. घाट उतरताना गिअर कोणता, ब्रेक किती तापलेत, हवेचं प्रेशर किती, माल कुठे सरकतोय, हे सगळं एकाच वेळी बघणारा माणूस कारागीर असतो. त्या खुर्चीवर वाया गेलेलं पोरगं बसवू, असं म्हणणं हा त्या कारागिराचा अपमान आहे. यात आम्ही शिकलेलेही कमी नाही. जमातीच्या सत्कार समारंभात डॉक्टर, इंजिनियर, एमपीएससीवाले स्टेजवर असतात. वीस वर्षं एकही अपघात न करता गाडी चालवणाऱ्या चाचांना कुणी शाल घातलेली मी तरी पाहिली नाही. ज्या पेशाला आपण इज्जत देत नाही, तिथे आपण नको असलेली पोरं टाकतो.

मग नशेत अडकलेल्या पोराने ड्रायव्हर व्हायचंच नाही का? जरूर व्हावं. माझा आग्रह क्रमाचा आहे: आधी उपचार, मग स्टिअरिंग. गंमत म्हणजे कायद्यात ही शिडी तयारच आहे. मालवाहू गाडीच्या लायसन्ससाठी वय २० लागतं, आणि त्याआधी हलक्या वाहनाचं लायसन्स किमान एक वर्ष हातात असावं लागतं. आठवी पासची अट २०१९मध्ये गेली, त्यामुळे शाळा सुटलेल्यालाही दार उघडं आहे. उपचार पूर्ण करा, हलकं लायसन्स काढा, आणि ते सक्तीचं वर्ष दिवसा टेम्पो चालवत, रात्री घरी झोपत, डॉक्टरकडे जात काढा. त्या वर्षात पोरगा टिकला, तर तो मोठ्या गाडीवर बसायला लायक झाला.

चौकीवरच्या तपासणीच्या भरवशावर राहू नका. दारूची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे आणि फुंकायच्या मशीनमध्ये ती सापडते. गोळी त्या मशीनमध्ये सापडत नाही. नशेच्या औषधाखाली गाडी चालवणं हाही त्याच कलमाखाली गुन्हा आहे, पण बहुतेक वेळा तो उघड होतो अपघातानंतर.

"दवाखान्यात नेलं तर पोलीस केस होईल" ही भीती मी अनेक घरांत ऐकतो. एनडीपीएस कायद्याचं कलम ६४-ए नेमकं यासाठी आहे. नशा करणारा माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल, तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यासाठी त्याच्यावरचा खटला टळतो. अट एकच, उपचार अर्धवट सोडायचे नाहीत. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो. पुण्यात मुक्तांगण १९८६पासून हेच काम करतं. १४४४६ हा सरकारचा मोफत नंबर आहे.

मस्जिद कमिटीला माझी विनंती आहे. जुम्म्याच्या बयानात दारूबद्दल बोलता, तसं गोळीचं नाव घेऊन बोला. हराम म्हणून थांबू नका, त्याच बयानात दवाखान्याचा पत्ता सांगा. आणि एका पोराच्या उपचाराचा खर्च उचला.

आपल्यातल्या गाडीमालकांना सांगणं असं, की लांबच्या ट्रिपला दोन ड्रायव्हर द्या. झोप येते म्हणून थांबलेल्याचा भत्ता कापू नका. हे परवडत नाही म्हणणाऱ्यांनी एका अपघाताचा खर्च मांडून बघावा.

आणि मित्रा, हे वाचणारा तू स्वतः गोळी घेत असशील आणि घरचे गाडीवर पाठवायला निघाले असतील, तर ट्रिपला जाऊ नकोस. गोळी मनाने एकदम बंदही करू नकोस. किती घेतोस, कधीपासून घेतोस, ते डॉक्टरला खरं सांग. लाज वाटत असेल तर आधी फोनवर सांग. गाडी एक वर्षानेही मिळेल.