बिल कुणाच्या नावावर?

गेल्या वर्षी आम्ही अंधेरीत घर घेतले, दोघांच्या नावावर. मुंबईच्या उपनगरांत वीज टाटाची घ्यायची की अदानीची, हे ग्राहकाला ठरवता येते. २००९ साली आयोगाने जुन्याच तारांवरून कंपनी बदलण्याची मुभा दिली. मी दोन्ही दरपत्रके घेऊन बसले. युनिटचा दर तेवढा बघून भागत नाही. १००, ३००, ५०० युनिटांचे टप्पे, स्थिर आकार, वहन आकार असे सगळे धरून आपल्या खपावर हिशेब मांडावा लागतो. गीझर, इस्त्री, मिक्सर किती चालतात ते मलाच ठाऊक. (खरे तर बहुतेक घरांत ते बाईलाच ठाऊक असते.)

अर्ज मात्र एजंटाने परस्पर नवऱ्याच्या नावाने भरला. "बाईंचं नाव कशाला?"

कशाला ते सांगते. आमच्या सल्ला केंद्रात घराबाहेर काढलेल्या बायका येतात. २००५च्या कायद्याने त्यांना, घर नावावर नसले तरी, सामाईक घरात राहण्याचा हक्क दिला. पण तिथे राहत होतो याला कागद काय? वर्षानुवर्षे रांगेत उभे राहून जिने बिले भरली, त्या बिलांवर तिचे नाव नसते. २००३च्या वीज कायद्याचे ४३वे कलम मालकाबरोबरच जागेत राहणाऱ्यालाही जोडणी मागू देते. भाडेकरू बाईनेसुद्धा हे ध्यानात ठेवावे.

मी अर्ज परत घेतला, माझ्या नावाने भरला. नवरा हसला. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत.