आपल्या वारशाचा पंचनामा

कल्याण-डोंबिवलीतील आपल्या कुटुंबातील मुलगी परदेशी शिकावयास निघाली की ती अभियंता होणार, असे सर्वजण गृहीत धरतात. तिने उत्खनन शिकण्याची इच्छा दर्शविली तर आईबाप विचारतात, ‘मातीच खणावयाची, तर त्यासाठी सातासमुद्रापलीकडे कशाला?’ पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याची माती उपसलेल्या समाजाचा हा प्रश्न आहे. त्याची टवाळी न करता उत्तर दिले पाहिजे.

परदेशी विद्यापीठांच्या उत्खनन-शिबिरांत विद्यार्थी काही आठवडे प्रत्यक्ष खड्ड्यात उतरून काम करतात. मातीचे थर ओळखणे, वस्तू कोठे व किती खोलीवर मिळाली याची नोंद करणे, खापरांची वर्गवारी करणे हे तेथे शिकविले जाते. एकदा खणलेला थर पुन्हा रचता येत नाही. न्यायालयात पंचनाम्यावाचून मुद्देमालाची जी गत होते, तीच नोंदीवाचून मिळालेल्या मूर्तीची होते. म्हणून नोंद कोणाच्या हातची, हा प्रश्न गौण नव्हे.

तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील सोपाऱ्याचा स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली उकलला. त्यातून बुद्धमूर्ती व करंडक बाहेर आले. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची, सुवर्णकाराची व लोहाराची दाने कोरलेली आहेत. हा वारसा वाचण्यास आपली मुले पुढे का येऊ नयेत?

परंतु येथे कायद्याची एक अडचण आहे. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर पदवी व पीएच. डी. साठी आहे. तिच्या २०२२ च्या नियमावलीने भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळले. अशा अभ्यासाची साधने देशातच आहेत, असे त्याचे समर्थन करण्यात आले. धनवंताचा मुलगा मात्र स्वखर्चाने लंडनला जाऊन कान्हेरीवर प्रबंध लिहू शकतो. म्हणजे बंदी विषयावर नाही, गरिबावर आहे. बाबासाहेब १९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१६ साली तेथेच मानववंशशास्त्राच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. हा नियम तेव्हा असता तर?

संविधानाच्या अनुच्छेद १४ नुसार वर्गीकरणाचा योजनेच्या हेतूशी वाजवी संबंध असावा लागतो. दुर्बल घटकांचे शैक्षणिक हित जपावे, असे अनुच्छेद ४६ सांगतो. माझ्या मते हा नियम या दोन्ही कसोट्यांवर टिकत नाही.

तेव्हा आईबापांनी मुलांची वाट अडवू नये. विद्यार्थ्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजसारख्या संस्थेत पाया पक्का करावा व मग परदेशी शिबिर गाठावे. तेथील पद्धत कोणत्याही मातीत उपयोगी पडते. प्रत्येक विहाराने वर्षाला एका विद्यार्थ्याच्या प्रवासखर्चाचा भार उचलावा, आणि नियम बदलावा म्हणून सामाजिक न्याय मंत्रालयाकडे लेखी निवेदन धाडावे. तोंडी तक्रारीची नोंद कोठेच राहत नाही.